टेनिस स्पर्धांतील पात्रता: वय नेमके कोणत्या तारखेला मोजायचे?

कोर्टाबाहेरून (धागाकर्ता)

वयोगटाच्या टेनिस स्पर्धांत साइन-इनच्या, म्हणजे हजेरी नोंदवण्याच्या, टेबलाशी जे वाद होतात, त्यांतले बहुतेक खेळाच्या नियमांवरून नसतात, पात्रतेवरून असतात. चेंडू रेषेला लागला की बाहेर गेला, हा वाद दोन मिनिटांत मिटतो. समोरचा मुलगा खरोखर चौदा वर्षांखालील आहे का, आपल्या मुलीला वरच्या स्पर्धेत अजून का घेत नाहीत, परदेशी पारपत्र असलेल्या पुतण्याला इथे खेळता येईल का, हे प्रश्न मात्र वर्षानुवर्षे तसेच विचारले जातात. त्यांवर एकदा सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ एका गोष्टीत आहे. वयाच्या अटी दोन प्रकारच्या असतात आणि आपण त्या एकच समजतो. 'चौदा वर्षांखालील' ही वरची मर्यादा झाली. ती इतर मुलांच्या रक्षणासाठी असते, म्हणजे थोराड मुलाने लहानांना झोडपू नये यासाठी. 'तेरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही' ही खालची मर्यादा झाली. ती स्वतः त्या खेळाडूच्या रक्षणासाठी असते. हेतू वेगळे असल्यामुळे वय मोजण्याची रीतही वेगळी असते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, ज्युनिअर स्पर्धांत या दोन्ही रीती एकाच वेळी लागू होतात. खालची मर्यादा वाढदिवसावर चालते: तेरावा वाढदिवस झालेला असला पाहिजे. वरची मर्यादा मात्र जन्मवर्षावर चालते: खेळाडू ज्या वर्षी अठरा पूर्ण करतो, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत तो ज्युनिअर गणला जातो, मग त्याचा वाढदिवस जानेवारीत असो वा डिसेंबरात.

आपल्याकडील राष्ट्रीय आणि राज्य मानांकन स्पर्धांच्या फॅक्टशीटवर, म्हणजे माहितीपत्रकावर, 'अमुक तारखेला वा त्यानंतर जन्मलेले' अशी ओळ असते. ती ओळ हेच प्रमाण मानावे; अकादमीतल्या गप्पा किंवा गेल्या वर्षीची आठवण प्रमाण मानू नये.

नाशिककर

धाग्याबद्दल आभार. माझा प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. माझी मुलगी २७ डिसेंबर २०१२ ची. तिच्याबरोबर सराव करणारी दुसरी मुलगी जानेवारी २०१२ च्या पहिल्या आठवड्यातली. दोघींत जवळजवळ वर्षभराचे अंतर आहे, तरी वयोगटाच्या प्रत्येक स्पर्धेत दोघी एकाच गटात पडतात. प्रशिक्षक म्हणतात की नियम सर्वांना सारखाच आहे. तो सारखा कसा, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

कोर्टाबाहेरून

नाशिककर, तुमच्या मुलीचे उदाहरण या विषयासाठी इतके चपखल आहे, की मीच ते मनाने रचले असे कोणाला वाटेल. आयटीएफच्या हिशेबाने पाहू. जानेवारी २०१२ मध्ये जन्मलेल्या मुलीला जानेवारी २०२५ पासून ज्युनिअर स्पर्धा खेळता येतात आणि तिची मुदत ३१ डिसेंबर २०३० ला संपते; म्हणजे जवळपास पूर्ण सहा वर्षे. तुमच्या मुलीला दार उघडते २७ डिसेंबर २०२५ ला आणि ते बंद होते त्याच ३१ डिसेंबर २०३० ला. म्हणजे पाच वर्षे आणि चार-पाच दिवस. सुरुवात वाढदिवसावर आणि शेवट जन्मवर्षावर, त्यामुळे तोटा फक्त एकाच बाजूने होतो. जे वर्ष जाते ते सुरुवातीचे जाते, आणि छोट्या, म्हणजे जे३० दर्जाच्या, स्पर्धांत गुण जमवायला नेमके तेच वर्ष कामी येते.

हा नियम अन्यायकारक आहे असे मी म्हणणार नाही. कुठेतरी तारीख धरावीच लागते आणि कोणतीही तारीख धरली तरी कोणीतरी तिच्या चुकीच्या बाजूला सापडणारच. तरीही 'सर्वांना सारखा' हे उत्तर अपुरे आहे. डिसेंबरात जन्मलेल्या बारा वर्षांच्या मुलीची उंची, सर्व्हिसमधला जोर आणि तिसऱ्या सेटमधला दम यांची जानेवारीतल्या मुलीशी तुलना करताना प्रशिक्षकाने तो फरक मनात धरला पाहिजे. नियम तो धरत नाही.

निवृत्त रेफरी

मी बरीच वर्षे स्पर्धांचे काम पाहिले आहे. तारखेच्या गणितापेक्षा तारखेच्या कागदाबद्दल दोन शब्द लिहितो, कारण प्रत्यक्षात अडते ते तिथे.

आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. त्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, वर्षाच्या आत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने नोंद होते. म्हणून रेफरी किंवा संघटनेचा माणूस दाखला हातात घेतो, तेव्हा तो फक्त जन्मतारीख पाहत नाही. खाली 'नोंदणीचा दिनांक' हा जो रकाना असतो, तिथे त्याची नजर आधी जाते. जन्मानंतर दहा दिवसांत झालेली नोंद असेल तर प्रश्न मिटला. जन्म २०११ चा आणि नोंद २०१९ ची असेल, तर तो दाखला कायदेशीर असूनही शंका उभी राहते, आणि प्रामाणिक पालकांनाही शाळेची, रुग्णालयाची कागदपत्रे काढत बसावे लागते. खेड्यात जन्मलेल्या, नोंद उशिरा झालेल्या मुलांना याचा विनाकारण त्रास होतो, हे मी मान्य करतो.

दुसरी अडचण नावाची. दाखला काढला तेव्हा बाळाचे बारसे झालेले नसते, त्यामुळे नावाचा रकाना कोरा राहतो. कायद्यात नाव नंतर घालण्याची सोय आहे, पण पालक ते विसरतात आणि मुलगा बारा वर्षांचा झाल्यावर स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात महानगरपालिकेत खेटे सुरू होतात.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जाणार आहे. ती पिढी कोर्टावर येईल तेव्हा साइन-इनच्या टेबलावरची निम्मी भांडणे कमी होतील अशी माझी आशा आहे. उरलेली निम्मी पालक सोडणार नाहीत.

बॅकहँड

रेफरीसाहेब, पण खोट्या दाखल्यांचे काय? सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही, अशी परिस्थिती अनेक खेळांत आहे.

निवृत्त रेफरी

केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली. तिच्यात वैद्यकीय तपासणीची तरतूद होती. २०२५ मध्ये सुधारित मसुदा आला. त्यात वय एकदा पडताळले की त्याची कायमची डिजिटल नोंद करणे, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांची बंदी, दुसऱ्याला आजीव बंदी, अशी कडक भाषा आहे. तपासणीबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवे. मनगटाच्या हाडाच्या एक्स-रेवरून जे वय निघते ते अंदाजी असते, त्यात काही महिन्यांचे अंतर सहज पडते. अठरा वर्षांचा मुलगा चौदाखालील गटात उतरला तर ते पकडण्यासाठी ही तपासणी उपयोगी आहे. २७ डिसेंबर की ३ जानेवारी, हे तिला विचारून उपयोग नाही.

टेनिसमध्ये एक गोष्ट आपोआप घडते, ती इथे नोंदवून ठेवतो. आयटीएफची स्पर्धा खेळायची तर आयपिन लागतो, म्हणजे खेळाडूचा आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक, आणि परदेशी जायचे तर पारपत्र. एकदा पारपत्रावर तारीख पडली की ती बदलणे अवघड असते. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याला खोटी तारीख पुढे पायात अडकते. घोळ होतो तो ज्यांना फक्त शाळेचे गुण किंवा क्रीडा कोटा हवा असतो त्यांच्याबाबतीत.

जुना प्रेक्षक

वरच्या मर्यादेवर बरीच चर्चा झाली. खालच्या मर्यादेचा इतिहास अधिक बोधप्रद आहे आणि तो मुख्यतः महिला टेनिसचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१९७९ मध्ये ट्रेसी ऑस्टिनने सोळाव्या वर्षी अमेरिकन ओपन जिंकली. अँड्रिया जेगर चौदाव्या वर्षी व्यावसायिक झाली. दोघींच्याही कारकिर्दी दुखापतींनी लवकर आवरल्या. तरीही १९९० च्या मार्चमध्ये जेनिफर कॅप्रियाती बोका रॅटनच्या स्पर्धेत व्यावसायिक म्हणून उतरली, तेव्हा चौदा वर्षे पूर्ण व्हायला तिला काही आठवडे बाकी होते. त्या पहिल्याच स्पर्धेत तिने अंतिम फेरी गाठली आणि ती गॅब्रिएला साबातिनीकडून हरली. त्याच वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी, १९९२ मध्ये बार्सिलोनाला स्टेफी ग्राफला हरवून ऑलिंपिक सुवर्णपदक. आणि १९९३ च्या अमेरिकन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत हरल्यावर ती खेळापासून दूर गेली. १९९४ मध्ये अमली पदार्थ बाळगल्यावरून तिला अटक झाली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिची छायाचित्रे जगभर छापली गेली.

महिला टेनिस संघटनेने, म्हणजे डब्ल्यूटीएने, वयाच्या पात्रतेचा नियम त्याच सुमारास ठरवला आणि १९९५ पासून तो लागू झाला. चौदा वर्षांखाली व्यावसायिक स्पर्धा नाही. त्यानंतर एका वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंत ठरावीक स्पर्धा: चौदाव्या वर्षी ८, पंधराव्या वर्षी १०, सोळाव्या वर्षी १२, सतराव्या वर्षी १६ आणि अठरा पूर्ण झाल्यावर मोकळे रान. चांगली कामगिरी केल्यास काही जादा स्पर्धा मिळतात. गंमत अशी, की नियम येणार हे कळताच दोन कुटुंबांनी आधीच दार गाठले. मार्टिना हिंगिस चौदावा वाढदिवस होताच ऑक्टोबर १९९४ मध्ये झ्युरिकला व्यावसायिक झाली आणि व्हीनस विल्यम्स त्याच महिन्याच्या अखेरीस ओकलंडला. हिंगिसची पुढची वाटचाल पाहून नियमाचे विरोधक तिचे नाव घेतात, समर्थक कॅप्रियातीचे. स्वतः कॅप्रियातीने मात्र परत येऊन २००१ आणि २००२ ची ऑस्ट्रेलियन ओपन आणि २००१ ची फ्रेंच ओपन जिंकली, त्यामुळे कोणत्याच बाजूचा युक्तिवाद पुरता टिकत नाही.

नाशिककरांनी एक लक्षात घ्यावे: इथे मोजणी वाढदिवस ते वाढदिवस आहे. डिसेंबरात जन्मलेलीचा इथे एक दिवसही जात नाही. २०२३ मध्ये मिरा आंद्रेयेवा माद्रिदच्या स्पर्धेत खेळत असतानाच सोळा वर्षांची झाली. तिच्या कोट्याचा आकडा स्पर्धा चालू असताना बदलला.

बॅकहँड

हा नियम मला नेहमीच श्रीमंतांच्या सोयीचा वाटत आला आहे. कोको गॉफने २०१९ मध्ये पंधराव्या वर्षी विम्बल्डनची पात्रता फेरी पार करून व्हीनसला हरवले आणि चौथी फेरी गाठली, तेव्हा नियम सैल करावा असे खुद्द फेडररने जाहीरपणे म्हटले होते. जिच्या घरी पैसा आहे ती मुलगी तीन वर्षे थांबू शकते. जिच्या वडिलांनी दुकान गहाण ठेवून प्रशिक्षण दिले आहे, तिला पंधराव्या वर्षी मिळणारी बक्षिसाची रक्कम हाच पुढच्या हंगामाचा खर्च असतो. शिवाय मुलांना एवढी बंधने का नाहीत? त्यांना चौदाव्या वर्षी ८ आणि पंधराव्या वर्षी १२ स्पर्धा आहेत, आणि सोळाव्या वर्षापासून काहीच अट नाही. नदालने २००२ मध्ये मायोर्कात पंधराव्या वर्षी एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक मालिकेच्या, दर्जाचा पहिला सामना जिंकला, तेव्हा कोणाला काळजी वाटली नाही.

जुना प्रेक्षक

मुले आणि मुली यांच्यातील फरकाचे एक कारण शारीरिक आहे: मुली लवकर वरच्या दर्जाला पोचतात, म्हणून मोहही लवकर येतो. पंधराव्या वर्षी प्रौढ पुरुषांशी झुंजू शकणारे मुलगे फारच थोडे. तरीही तुमचा पैशाचा मुद्दा मी खोडून काढू शकत नाही. दहा स्पर्धांत काय निभावते याचे जवळचे उदाहरण मुंबईतले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर झालेल्या मुंबई ओपनमध्ये कोइम्बतूरची माया राजेश्वरन रेवती पंधराव्या वर्षी पात्रता फेरीतून वर येऊन उपांत्य फेरीपर्यंत गेली. ती डब्ल्यूटीए १२५ दर्जाची स्पर्धा होती. कोटा मोजका असला, की कोणती स्पर्धा निवडायची याचा विचार प्रशिक्षकाला करावाच लागतो. दर आठवड्याला मुलीला विमानात बसवणाऱ्या पालकांपेक्षा तो विचार करणारे पालक मला बरे वाटतात, एवढेच माझे मत.

कोर्टाबाहेरून

इथे एक खुलासा आवश्यक वाटतो. पात्र असणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. वय बसले, कागद बसले, नोंदणी झाली, तरी मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, जागा मानांकनाने, क्वालिफायिंगने (पात्रता फेरीने) किंवा वाइल्ड कार्डने, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशाने, मिळते. वाइल्ड कार्ड हा आयोजकांचा अधिकार आहे, खेळाडूचा हक्क नाही. पण वयाची अट वाइल्ड कार्डानेही ओलांडता येत नाही. २०२२ मध्ये विम्बल्डनने चौदा वर्षांखालील गट प्रथमच सुरू केला आणि कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव तिथे खेळली. त्या वयाच्या हजारो मुली जगात पात्र होत्या, जागा मात्र मोजक्या होत्या.

आणि अगदी लहानांच्या बाबतीत वय हे चेंडूही ठरवते, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत मंद गतीचे लाल, नारिंगी किंवा हिरवे चेंडू वापरण्याचा नियम आहे. नऊ वर्षांचा मुलगा पिवळ्या चेंडूने छान खेळतो म्हणून त्याला त्या गटात पिवळा चेंडू मिळणार नाही.

डॅलसवासी

माझा मुलगा अमेरिकेत जन्मला, पारपत्र अमेरिकेचे, आमच्याकडे त्याचे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड, आहे. उन्हाळ्यात आम्ही पुण्याला येतो. तो तिथे आयटीएफची ज्युनिअर स्पर्धा खेळू शकेल का, आणि पुढे भारताकडून खेळण्याचा विचार करता येईल का?

जाता जाता इथल्या प्रौढांच्या लीगबद्दल सांगतो. इथे वयापेक्षा दर्जाची पात्रता असते. ३.०, ३.५, ४.० असे दर्जे असतात आणि नवा खेळाडू आपला दर्जा स्वतःच सांगतो. कोणी मुद्दाम खालचा दर्जा सांगून सगळ्यांना हरवू लागला, तर संगणक त्याच्या निकालांवरून खरा दर्जा काढतो आणि मर्यादा तीन वेळा ओलांडल्यास त्याला बाद करतो. वयचोरीची ही इथली धाकटी बहीण.

कोर्टाबाहेरून

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. आयटीएफच्या वैयक्तिक स्पर्धा कोणत्याही देशाच्या मुलासाठी खुल्या असतात; आयपिन, वय आणि मानांकन एवढेच पाहिले जाते. ड्रॉवर त्याच्या नावापुढे अमेरिका लिहिले जाईल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज तरी नाही असे आहे, आणि त्यामागे एक ठळक तारीख आहे. विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश अमेरिकेचा नागरिक असून २००३ पासून २००८ पर्यंत भारताच्या डेव्हिस चषक संघात होता. ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला अमेरिकेत जन्मलेली सुनीता राव सानिया मिर्झाबरोबर भारताकडून दुहेरी खेळली. त्याच वर्षी डिसेंबरात क्रीडा मंत्रालयाने ठरवले, की भारतीय पारपत्र असलेल्यांनीच देशाचे प्रतिनिधित्व करावे, आणि हा मार्ग बंद झाला. ओसीआय कार्ड हे पारपत्र नव्हे.

संघ निवडताना घाई करू नये हे सांगायला आणखी एक प्रकरण उपयोगी आहे. अल्याझ बेडेने स्लोव्हेनियाकडून डेव्हिस चषक खेळला होता. २०१५ मध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला. पण एकदा एका देशाकडून खेळलेल्याला दुसऱ्या देशाकडून खेळता येणार नाही, असा नियम १ जानेवारी २०१५ पासूनच लागू झाला होता. त्याचे अपील फेटाळले गेले आणि शेवटी तो स्लोव्हेनियाकडे परतला. वैयक्तिक स्पर्धांत झेंडा बदलणे त्यामानाने सोपे. मॉस्कोत जन्मलेली एलेना रिबाकिना २०१८ पासून कझाकस्तानकडून खेळते; २०२२ मध्ये विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला, त्या वर्षी तीच विजेती ठरली. त्या बंदीमुळे स्पर्धेचे मानांकन गुणच काढून घेतले गेले, म्हणून विजेतेपद मिळूनही तिला एकही गुण मिळाला नाही.

पासष्टीचा खेळाडू

तरुणांच्या चर्चेत माझेही थोडे. ज्येष्ठांच्या आयटीएफ स्पर्धांत ३० पासून ९० पर्यंत वयोगट आहेत आणि तिथेही जन्मवर्षच धरतात. फरक एवढाच, की आम्ही सगळे पुढच्या गटात जायला उतावीळ असतो. ज्या वर्षी ६५ होणार, त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून मी त्या गटातला सर्वांत तरुण. डिसेंबरात जन्मलेल्याला इथे फायदा मिळतो: तो ६४ वर्षांचा असतानाच जवळजवळ वर्षभर ६५ च्या गटात खेळतो. नाशिककरांच्या लेकीला सांगा, हिशेब पुढे चुकता होईल.

नाशिककर

आजोबा, निरोप पोचवला. तिला पन्नास वर्षे थांबायची तयारी दिसत नाही. आता एवढेच सांगा, की आयपिनची नोंदणी करताना काय सांभाळायचे?

निवृत्त रेफरी

नाव आणि जन्मतारीख पारपत्रावर आहे तशीच भरा, वडिलांचे नाव मध्ये असेल तर त्याच क्रमाने. जन्मदाखला, आधार, राज्य संघटनेची नोंदणी आणि पारपत्र या चारही ठिकाणी एकच अक्षरलेखन आहे ना, हे आजच तपासा. दुरुस्ती करायची असेल तर आधी दाखल्यात करून घ्या, बाकीचे कागद त्यावरून सुधारतात. आणि एन्ट्री भरण्यापूर्वी फॅक्टशीटवरची माघार घेण्याची अखेरची तारीख वहीत लिहून ठेवा, कारण ती उलटल्यावर नाव काढले तर दंड किंवा शिक्षा खेळाडूच्या नावावर लागते.